सातव्या खणातल्या चिठ्ठ्या

किल्ली आज आपल्याच हातात पडणार याबद्दल भिंगरीच्या मनात अजिबात शंका नव्हती, तरीही ती सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधीच येऊन बसली. शंका नसलेली माणसं वेळेवर येतात. आधी येतात ती आतून धाकधूक असलेली.

अण्णांचा फोन बुधवारी आला होता. "रविवारी चारला या सगळे. नाण्यांच्या कपाटाचं काय ते करून टाकू," एवढंच बोलून त्यांनी ठेवून दिला. चाळीस वर्षं चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांशी गोड बोलून त्यांच्याकडचा बोलण्याचा साठा संपत आला होता आणि घरच्यांच्या वाट्याला उरलंसुरलं यायचं. भिंगरी तेव्हा छापखान्यात प्रुफं तपासत होती. फोन ठेवल्यावर तिने एकाच ओळीतल्या दोन चुका तशाच सोडून दिल्या. वीस वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

कपाट पुढच्या खोलीत, खिडकीला लागून होतं. बारा खण, प्रत्येक खणात हिरव्या कापडाचं अस्तर लावलेले चाळीस खळगे, आणि प्रत्येक खळग्यात नाण्याच्या खाली एक गोल चिठ्ठी. चिठ्ठीवर अण्णांच्या मुंगीएवढ्या अक्षरात तीन गोष्टी असायच्या: नाणं कुठलं, कधी मिळालं आणि कोणी शोधलं. पहिल्या दोन गोष्टी जगासाठी होत्या. तिसऱ्या गोष्टीवरून या घरात माणसाची किंमत ठरायची. अख्ख्या कपाटात दादाचं नाव एकदाच होतं, आत्याचं एकदाही नव्हतं, आणि आत्या ते विसरायला तयार नव्हती.

भिंगरीचं नाव अकरा चिठ्ठ्यांवर होतं. त्यातली दहा गेली खड्ड्यात. तिची सारी मिजास होती ती सातव्या खणातल्या एका चिठ्ठीवर. सातवा खण चुकलेल्या नाण्यांचा. छाप सरकलेली, काठ चावल्यासारखी दिसणारी, वर्षच उमटलं नाही अशी टाकसाळीतून निसटलेली नाणी त्यात होती. ती नऊ वर्षांची असताना बेकरीवाल्याने परत दिलेल्या सुट्ट्या पैशांत तिला राजाच्या काळातलं, चलनातून गेलेलं एक नाणं सापडलं होतं. त्याच्या एका बाजूला राजाचं तोंड आणि दुसऱ्या बाजूलाही तेच तोंड, पण उलटं आणि आत खोल गेलेलं. आधीचं नाणं साच्याला चिकटून राहिलं आणि पुढची चकती त्याच्यावरच ठोकली गेली की असं होतं, हे अण्णांनी तिला नंतर समजावलं. आधी त्यांनी तिला उचलून दुकानाच्या काउंटरवर उभं केलं आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं, "ही माझी मुलगी. हिची नजर बघा!" त्या नाण्याचं नाव घरात 'दोनतोंड्या' पडलं. आणि काउंटरवरचा तो दिवस भिंगरीने जन्मभर पुरवून पुरवून वापरला.

तर अशी ती आली, चपला काढल्या, आणि पहिल्यांदा तिची नजर गेली ती स्टुलावर.

अण्णांच्या खुर्चीच्या डाव्या हाताला तीन पायांचं एक स्टूल होतं. त्यावर बसून भिंगरीचं बालपण गेलं. आज त्या स्टुलावर फुलाफुलांची उशी होती, उशीवर वहिनी होती, आणि वहिनी अण्णांना पेपर वाचून दाखवत होती.

"वाचायला काय झालं अण्णांना?" भिंगरीने विचारलं.

"डोळ्यांना जरा आराम," अण्णा म्हणाले. "आलीस? बस."

"मी बसायचे तेव्हा या स्टुलाला उशी नव्हती."

"तुम्ही वजनाने हलक्या होतात, वन्सं," वहिनी हसत उठली. "माझी कंबर दिवसभर औषधांच्या दुकानात उभी असते. बसा ना."

उशी उबदार होती. भिंगरी बसली नाही.

वहिनी या घरात आली तेव्हा तिला नाणं म्हणजे फक्त भाजीवाल्याला द्यायची वस्तू वाटायची. भिंगरीने तिची त्यावरून पुष्कळ थट्टाही केली होती. गेल्या वर्षीपासून मात्र चक्र उलटं फिरलं. वहिनी संध्याकाळी दुकानातून आली की अण्णांजवळ बसू लागली. महिन्यातून एकदा येणाऱ्या भिंगरीला दर खेपेला काहीतरी नवीन ऐकायला लागायचं. 'सूनबाई म्हणाली', 'सूनबाईने लावून दिलं', 'सूनबाईला विचार'. चार महिन्यांपूर्वी तर दुकानाच्या गल्ल्यात वहिनीला अर्धी छाप सरकलेलं एक नाणं सापडलं, आणि अण्णांनी चिठ्ठी तिच्याच हातून लिहून घेऊन त्याला जागा दिली ती थेट दोनतोंड्याच्या शेजारच्या खळग्यात. चाळीस खळग्यांच्या खणात दुसरी जागाच नव्हती म्हणे! भिंगरीचं पोट तेव्हा दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नव्हतं.

आत्याने येताच तिला आतल्या खोलीत ओढलं. आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. तिने सारी हयात टेलिफोन खात्यात लोकांची बोलणी जोडण्यात घालवली होती, आणि कुठे दोघांचं बोलणं चालू दिसलं की मधे कान घालायची सवय निवृत्तीनंतरही गेलेली नव्हती.

"तुला म्हणून सांगते," ती म्हणाली. "किल्ली हल्ली तिच्याकडेच असते. परवा मी आले तर बाई एकटी खण उघडून बसलेली. मला बघितल्याबरोबर झटकन बंद केला."

"अण्णा कुठे होते?"

"झोपले होते. विचार करण्यासारखं आहे की नाही? आता तू गप्प बसलीस तर तुझ्यासारखी खुळी तूच."

"मी कशाला गप्प बसू?"

"तेच म्हणते मी. मी तुझ्या बाजूने आहे," आत्या म्हणाली.

दादा चारला पाच मिनिटं कमी असताना आला, हाताला लिफ्टच्या ग्रीसचा वास घेऊन. रविवारी सकाळीच कुठल्याशा इमारतीत दोन म्हातारी माणसं तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे अडकली होती. त्याने सगळ्यांकडे बघितलं, बायकोकडे जरा जास्त वेळ बघितलं, आणि दाराजवळची खुर्ची धरली. भांडणाच्या घरात दादा नेहमी दाराजवळ बसायचा.

अण्णांनी स्वच्छ शर्ट घातला होता. खिशातून त्यांनी किल्ली काढली, मांडीवर ठेवली आणि घसा साफ केला. त्यांनी काहीतरी पाठ केलेलं आहे हे भिंगरीला लगेच ओळखू आलं. दुकानाच्या पंचविसाव्या वर्षी भाषण करतानाही ते असेच ताठ बसले होते.

"आधी सातवा खण काढा," अण्णा म्हणाले. "तिथूनच सुरुवात करायची आहे."

सातवा खण म्हणजे दोनतोंड्या. दोनतोंड्या म्हणजे भिंगरी.

"अण्णा, आधी चहा घेऊया ना," वहिनी पटकन म्हणाली. "खण काय, नंतर काढू."

"चहा कुठे पळून जातोय?" आत्या म्हणाली.

"नाही, म्हणजे कालचा माझा दिवस दुकानात मालाची मोजदाद करण्यात गेला. मला जरा लावून घ्यायचं होतं. पाच मिनिटं द्या."

"काय लावून घ्यायचं होतं?" भिंगरीने विचारलं. वहिनीने दादाकडे बघितलं आणि दादाने दारातल्या बुटांकडे. भिंगरी उठली, अण्णांच्या मांडीवरची किल्ली उचलली आणि स्वतःच खण काढून टेबलावर ठेवला.

ती चुकांवर पोट भरणारी बाई होती. छापलेल्या पानावर उलटं बसलेलं अक्षर तिला न वाचता दिसायचं. खणाकडे बघताच तिला कळलं की काहीतरी सरकलंय. तिने दोनतोंड्या काठाला धरून उचलला आणि खालची चिठ्ठी बघितली. चिठ्ठीवर वहिनी होती. 'सूनबाई. औषधांच्या दुकानाच्या गल्ल्यातून.' तिने शेजारचं नाणं उचललं. त्याच्याखाली तिची स्वतःची चिठ्ठी होती, आणि नाणं होतं ते दादाचं, काठ तुटलेलं, अख्ख्या आयुष्यात त्याला सापडलेलं एकुलतं एक. पुढची तीन-चार बघितली. सगळी एकेक घर पुढे.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. इतके दिवस जे नुसतं पोटात दुखत होतं त्याला आता हातात धरता येईल असा पुरावा मिळाला होता. खरं सांगायचं तर रागापेक्षा तिला आनंदच जास्त झाला.

"वा!" ती म्हणाली. "वा, वहिनी! सांभाळलंस हो छान."

"वन्सं, माझं ऐका—"

"काय ऐकू? माझ्या नाण्याखाली तुझं नाव कसं गेलं ते ऐकू? अठ्ठावीस वर्षं ते नाणं त्या खळग्यात आहे. तुला जागा हवी होती तर मागायचीस. घरात जागा मिळाली, स्टूल मिळालं, उशी मिळाली, आता माझी चिठ्ठीही घेतलीस?"

"चुकून झालं. माझी चूक झाली," वहिनी म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की भिंगरीला तो मानभावीपणा वाटला.

"बघा! कबूल करतेय," आत्या म्हणाली. "मी म्हणत नव्हते?"

"आत्या, तू जरा गप्प बस," दादा म्हणाला.

"का बसेल ती गप्प? एक खण नीट लावता येत नाही हिला, आणि बारा खण हिच्या हवाली?" भिंगरी अण्णांकडे वळली. "औषधांच्या बाटल्यांवरची लेबलंही अशीच लावत असेल तर गावाचं कठीण आहे. अण्णा, नाण्याला माझा अंगठा लागला म्हणून तुम्ही हातावर फटका मारला होतात. नाणं काठाने धरायचं, तोंडाला बोट लावायचं नाही. आठवतं? हिला काही नियम नाहीत का?"

"भिंगरे, राहू दे," अण्णा म्हणाले. "एवढं काय झालंय?"

"एवढं काय? तुम्हीच बघा एवढं काय ते!" तिने खळग्यातली चिठ्ठी नखाने काढली आणि दोनतोंड्यासकट अण्णांच्या हातात कोंबली. "वाचा. सगळ्यांना ऐकू येईल असं वाचा."

"अण्णा, नका," वहिनी म्हणाली.

अण्णांनी चिठ्ठी डाव्या हातात घेतली. नाणं उजव्या हातात होतं. त्यांनी त्याच्या तोंडावरून अंगठा फिरवला, मग उलटं करून खोल गेलेल्या बाजूवरून फिरवला, सावकाश, पुन्हा एकदा. भिंगरी बघत राहिली. या माणसाने जन्मात नाण्याच्या तोंडाला बोट लावलं नव्हतं. मग त्यांनी चिठ्ठी डोळ्यांसमोर धरली, चेहऱ्यावर हसू आणलं आणि खणखणीत आवाजात वाचलं:

"भिंगरी. वय वर्षं नऊ. बेकरीवाल्याच्या सुट्ट्यांतून. शनिवार, शाळा सुटल्यावर."

चिठ्ठी भिंगरीच्या समोरच होती. तिच्यावर 'सूनबाई' लिहिलेलं सगळ्यांना दिसत होतं, अण्णा सोडून.

"बरोबर आहे की," अण्णा म्हणाले. "काय चुकलंय यात?"

कोणी उत्तर दिलं नाही, आणि त्या न दिलेल्या उत्तरातून त्यांना कळलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तिथेच राहून गेलं, उठून जायचं विसरलेल्या पाहुण्यासारखं. मग त्यांनी नाणं आणि चिठ्ठी टेबल चाचपत खाली ठेवली, खुर्चीचे हात धरले आणि उठले. किल्ली भिंगरीकडून मागून घेतली आणि खिशात टाकली.

"चहा घेऊन जा सगळे," ते म्हणाले आणि भिंतीच्या कडेने चालत मागच्या गच्चीत गेले.

"मधलं दिसत नाही त्यांना," दादा म्हणाला. "कडेकडेचं दिसतं. समोर बसलेल्या माणसाचं तोंड दिसत नाही. वर्ष होत आलं."

"डॉक्टर?" भिंगरीने कसंबसं विचारलं.

"दोनदा नेलं. पहिल्यांदा अक्षरांचा तक्ता धडाधड वाचून दाखवला. आयुष्यभर तोच तक्ता दुकानात टांगलेला, तोंडपाठ आहे त्यांना. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी तक्ता बदलला तेव्हा कळलं. आता त्यावर इलाज नाही म्हणतात."

"मग हे खण?"

"दुपारी सगळी नाणी फडक्यावर काढतात. एकेक चाचपतात, ओळखतात, परत ठेवतात. एखादा खळगा चुकला की पुढची सगळी एक घर पुढे जातात. ही संध्याकाळी येऊन मूळ जागी लावते. त्यांना कळू न देता. काल मोजदादीमुळे राहिलं."

"मला का नाही सांगितलं कोणी?"

दादाने बायकोकडे बघितलं. वहिनी कप गोळा करत होती. अण्णा गेल्यावर तिने आणलेला चहा एकाही कपातून कोणी प्यालेला नव्हता.

"त्यांनीच शपथ घातली होती," ती म्हणाली. "बाकी कोणाला कळलं तर कळू दे, भिंगरीला नको, म्हणाले." आणि ती ट्रे घेऊन स्वयंपाकघरात गेली. तिचे डोळे भरलेले होते, पण भिंगरीसमोर रडण्याइतकी ती काही तिची जवळची नव्हती.

"समाधान झालं?" आत्या भिंगरीला म्हणाली. "एवढं तोडून बोलायची काय गरज होती त्या पोरीला?"

"तू माझ्या बाजूने होतीस ना?"

"मी कशाला कोणाच्या बाजूने असेन? मी आपली सत्याच्या बाजूने," आत्या म्हणाली आणि पर्स उचलून दादाला रिक्षा बघायला घेऊन गेली.

भिंगरी एकटी उरली. काहीतरी करायला हवं म्हणून ती स्टुलावर बसली, उशीसकट, आणि खण ओढून घेतला. शेवटच्या नाण्यापासून सुरुवात करायची आणि एकेक घर मागे आणायचं. काम सोपं होतं. हातांना सवय होती. वहिनीने हे काम वर्षभर केलं होतं, कोणाच्या एका शब्दाच्या शाबासकीशिवाय. भिंगरीला लाज वाटली. आणि लाजेच्या तळाशी तिला पुन्हा तीच जुनी कळ लागली. आपल्याला हे करायला मिळालं नाही. कोणी करूच दिलं नाही.

पावलं वाजली. अण्णा भिंतीच्या कडेने परत आले आणि खुर्चीत बसले. खिडकीतला उजेड भिंगरीच्या पाठीवर होता. त्यांनी मान किंचित वाकडी केली, कडेने बघायचा प्रयत्न केला.

"लावतेस का?" त्यांनी विचारलं.

"हं," एवढंच भिंगरी म्हणाली.

"गेले सगळे?"

"हं."

"तू मनावर घेऊ नकोस, सूनबाई."

भिंगरीचा हात खणावर थांबला. बोल, आत्ता बोल, ती स्वतःला म्हणाली. बोलली नाही.

"तोंडाने फटकळ आहे, पण मनात काही नसतं तिच्या," अण्णा म्हणाले. "किल्ली आज तिलाच द्यायची होती. भाषण पाठ केलं होतं मी, तुला म्हणून दाखवलं नव्हतं का? काउंटरवर उभं केलं तिथपासून. तुझी काही हरकत नव्हती हे तुझं मोठेपण."

भिंगरीने खालचा ओठ दाताखाली धरला.

"पण आता नको. आता ती नाण्यांकडे बघायची नाही, माझ्याकडे बघत बसेल. मी अडखळलो की तिचा श्वास अडकेल. ती पोर माझी नजर घेऊन मोठी झाली गं. तिच्यासमोर आंधळं व्हायची मला लाज वाटते." ते थांबले. "तुझ्यासमोर नाही वाटत. का ते विचारू नकोस. तुझ्यासमोर चाचपलं तरी चालतं."

त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि हात पुढे केला, जरासा चुकलेल्या दिशेला. भिंगरीला आपला तळवा तिथे न्यावा लागला. त्यांनी किल्ली त्यावर ठेवली आणि तिची बोटं मिटली.

"तू ठेव. तिला आज सांगू नकोस. मी सांगेन सवडीने."

मग त्यांनी रिकामा हात तसाच पुढे ठेवला, नाण्यासाठी. तिने दोनतोंड्या त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी अंगठा फिरवला आणि त्यांचा चेहरा उजळला. "हा बघ, आमचा," ते म्हणाले. तिने तो परत घेतला, स्वतःच्या चिठ्ठीवर ठेवला, खण कपाटात परत सरकवला आणि कुलूप लावून आत निघाली.

जन्मभर जी किल्ली हवी होती ती तिच्या मुठीत होती. नेहमीच्या पिशवीत टाकून घरी नेली असती तरी अण्णांना कळलं नसतं. स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच्या सात-आठ पावलांत हा विचार तिच्या मनात पुरेपूर येऊन गेला. किल्ली मिळाली नाही याचं तिला आता फारसं वाटत नव्हतं. 'तुझ्यासमोर लाज वाटत नाही' हे चार शब्द दुसऱ्या कोणाचे होते, आणि ते तिने चोरून ऐकले होते. तसा हेवा तिला आजवर कधी कोणाचा वाटला नव्हता.

वहिनी बेसिनपाशी पाठमोरी उभी होती.

"अण्णांनी दिलीय," भिंगरी म्हणाली आणि किल्ली ओट्यावर ठेवली.

वहिनीने वळून बघितलं. "तुम्हाला द्यायची होती ती."

"तुला दिलीय. 'तू ठेव' म्हणाले."

"असं तुम्हाला म्हणाले?"

भिंगरीने नुसती मान हलवली, आणि ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. वहिनी तिच्याकडे बघत राहिली. मग दारातून दिसणाऱ्या स्टुलाकडे, त्यामागच्या खिडकीकडे, खुर्चीतल्या अण्णांकडे. तिला समजलं. समजल्याचं तिने तोंडावर दिसू दिलं नाही, आणि भिंगरीला पहिल्यांदाच कळलं की त्या शांतपणात मानभावीपणा नव्हता.

"सूनबाई!" बाहेरून अण्णांनी हाक मारली. "भिंगरी रागावून गेली का गं न सांगता?"

आता तोंड उघडलं तरी फजिती, न उघडलं तरी फजिती.

"छे हो, अण्णा," वहिनीने आवाज चढवून सांगितलं. "इथेच आहेत. मघापासून माझ्याबरोबर कप पुसताहेत."

तिने शेजारच्या खिळ्यावरचं कोरडं फडकं काढलं आणि पुढे केलं. भिंगरीने ते घेतलं आणि पहिला कप पुसायला सुरुवात केली.